दहा मिनिटांत गोल झालेलं डोकं

आळंदच्या मंगल कार्यालयात बाळांच्या दोन रांगा लागल्या होत्या. एक नव्यांची, एक महिनाभर उपाय करून परत आलेल्यांची. नव्या रांगेतलं प्रत्येक डोकं वाकडं निघत होतं, जुन्या रांगेतलं प्रत्येक गोल. निकाल राहू उतरवणाऱ्या मृत्युंजय अप्पांचा. ते बाळाच्या डोक्याभोवती टॅबलेट फिरवत, की पडद्यावर लालभडक कवटी उमटे.

"राहू बसलाय अक्का, उजवीकडं! दिसायलाय न्हवं? विज्ञान हाय हे!"

विज्ञानानं राहू पकडला म्हटल्यावर लोक हात जोडत आणि मंतरलेलं तांब्याचं हेल्मेट घेऊन जात.

शिवणकाम करणाऱ्या सुधारानीचं पाच महिन्यांचं बाळ त्या हेल्मेटात महिनाभर रडलं. त्याचं डोकं मागून उजवीकडं खरंच चपटं होतं. त्यात कानामागं तांबं घासून जखम झाली.

"राहू निघताना ओरखडतोच म्हणले अप्पा," सासू निलम्मा म्हणाली.

सुधारानीनं टेप घेतला आणि डोकं दोन्ही बाजूंनी तिरकं मोजलं. फरक हेल्मेटाआधी मोजला होता तेवढाच. दुसऱ्या दिवशी नणंद नागरत्नाला आणि सासूला घेऊन कार्यालयात गेली.

आधी नागरत्ना बाळाला नव्या रांगेतून घेऊन गेली. वेगळं नाव, वेगळं झबलं, हेल्मेट पिशवीत.

"अरारा! जबर राहू हाय!" पडदा लाल.

दहा मिनिटांनी तेच बाळ हेल्मेट घालून सुधारानीसोबत जुन्या रांगेत. अप्पांनी हेल्मेट काढून टॅबलेट फिरवला. पडदा हिरवा.

"बघ! गोल गरगरीत झालंय!"

"अप्पा, आत्ता नागरत्नानं आणलेलं लेकरू हेच हाय. दहा मिनिटांत राहू कुठं गेला?"

"गर्दीची दृष्ट लागली यंत्राला..."

नागरत्नानं टॅबलेट ओढून उलटा केला. मागच्या कॅमेऱ्यावर गंधाचा जाड टिळा वाळला होता.

"डोळा तर झाकलाय की! मग डोकं कशानं बघायलाय?"

तिनं पडद्यावर बोट फिरवलं. आत दोनच व्हिडिओ होते, एक लाल डोक्याचा, एक हिरव्या. नव्या रांगेला लाल लावायचा, जुन्या रांगेला हिरवा. आळंदच्या सगळ्या बाळांना मिळून दोनच डोकी! अप्पांना त्याच वेळी कुठलंसं अनुष्ठान आठवलं आणि ते मागच्या दारानं गेले.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी बाळाची मान फिरवून पाहिली, कवटीचे सांधे चाचपले. मानेचा एक स्नायू आखडला होता, म्हणून ते सतत एकाच कुशीवर पडायचं. त्यांनी मानेचे व्यायाम दिले, जागेपणी आपल्या नजरेसमोर पालथं ठेवायला सांगितलं.

"हेल्मेट खरं असतं," ते म्हणाले, "पण लागेल का, ते तपासून ठरतं. काही बाळांचे सांधे लवकर जुळतात, त्यांना ऑपरेशन लागतं. तसं असतं तर हा महिना महागात पडला असता."

निलम्मानं नातवाच्या कानामागची जखम पाहिली. "मीच बांधत होते की रे ते," म्हणाली, आणि रडू लागली.

बाळाचं डोकं वाकडं वाटलं तर डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: आता पुन्हा दाखव, आम्ही सांगू तसा.