बारीक काप

भाजी चिरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सांगते. बांद्याला शाळेत पोषण आहार शिजवते. दीडशे पोरांची भाजी तासाभरात चिरून मोकळी होते. तोंडही माझं हाताइतकंच चालतं, असं लोक म्हणतात, आणि खोटं नाही ते. त्यामुळे धाकट्या भावाला, दीपेशला, भाजी चिरताना पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

त्याची बायको रसिका डायलिसिसवर होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्याला दोन खेपा. दीपेश कट्टा गावात रिक्षा चालवतो. घरातलं सगळं उरकून मगच बाहेर पडायचा. त्याला मदत म्हणून मी सुट्टीत पंधरा दिवसांसाठी गेले, तर हा सुरीने बटाट्याचे धोंडे करत बसलेला. ते धोंडे त्याने कोमट पाण्यात टाकले.

"ह्या काय चल्लाहा?"

"दवाखान्यातल्या म्याडमान सांगल्यान. भाजी सोलून बारीक चिरूची, दोन तास कोमट पाण्यात ठेवची, मगे पाणी ओतून टाकूचा. पोटॅशियम जाता. रसिकाक ता चलना नाय."

"ह्येका बारीक म्हणतत?"

"माका येना नाय गो, आक्का. तू शिकव."

मग मी आडाळो, म्हणजे आमची विळी, पुढ्यात ओढली आणि त्याला पाटावर पाय दाबून बसवलं. "बटाटो दोनय हातांनी धर आणि पात्यार ढकल. पाता हलना नाय, हात हलता. घाई करू नको." पहिल्या दिवशी दोन बोटं कापून घेतली, फडकं गुंडाळून पुन्हा बसला. पाचव्या दिवशी त्याचा काप उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसली. मला अभिमान वाटला, पण तसं म्हटलं नाही. भावांना फार चढवून ठेवू नये, या मताची मी.

फक्त ते पाणी ओतून टाकायचं म्हटलं की माझा जीव कळवळायचा. चिरलेली भाजी धुवायची नाही, सगळा कस पाण्यात जातो, हे मी आईच्या हातचे रट्टे खाऊन शिकले होते. आणि रसिकाचे गाल बसलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या. कस मोरीत ओतल्यावर माणूस उभं कशावर राहणार?

"तू जा रिक्षार. पाणी मी ओततंय," मी दीपेशला सांगितलं.

तो गेला आणि त्या पाण्यात मी पेज शिजवली. बटाट्याचं, सुरणाचं, लाल भोपळ्याचं, जे असेल ते पाणी. सकाळ-संध्याकाळ वाटीभर रसिकाला भरवली.

"आक्कानू, पेज बरी लागता," ती म्हणायची. "आवशीच्या हातची वाटता."

आईच्या हातची म्हटल्यावर मी सुखावले. म्याडम शिकलेली असेल, पण आजाऱ्याला पेज घालून उठवणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. दीपेशला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने पेज बंद केली असती.

नवव्या दिवशी दुपारी रसिका म्हणाली, पाय उचलत नाहीत. मग म्हणाली, जीभ जड झाली. फोन केल्याबरोबर दीपेश रिक्षा घेऊन आला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा माझ्या हातातल्या तिच्या हातात जीव नव्हता.

डॉक्टर तरुण होते. पोटॅशियम फार चढलं आणि हृदय बंद पडलं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "भाजी भिजवून पाणी टाकून देत होता ना?"

"होय डॉक्टर," दीपेश शुद्ध मराठीत म्हणाला. "मी स्वतः चिरत होतो. एकही दिवस चुकवला नाही. पाणी बहीण ओतायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. पेजेने तिला मारलं हे मला तिथेच कळलं होतं.

बाराव्याच्या स्वयंपाकाला वाडीतल्या बायका आल्या. दीपेश सरळ आडाळ्यावर जाऊन बसला, कुणाचं ऐकेना. त्याने बटाटे चिरायला घेतले. मग बायका तांदूळ धुवायला विहिरीवर गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो.

"आक्का, खरा सांग," तो म्हणाला. "माझे काप जाड पडत होते काय गो? म्हणान पोटॅशियम रवला?"

त्याच्या बोटांवरचे व्रण अजून गेले नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं. आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सुनावत आले होते मी. पण हा माझा एकुलता एक भाऊ. खरं सांगितलं असतं तर पुन्हा मला दारात उभी केली नसती त्याने.

"थोडे जाड पडत होते," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि पुढचा बटाटा घेतला.