एका चुलीवरची माणसं

अठ्ठ्याहत्तर साली निपाणीजवळच्या आमच्या गावात पाहणी आली. कोण किती गरीब, हे म्हणे लोकांच्या खाण्यावरून ठरणार होतं. त्या कामाला आली बोरगावची राजमती. पोरगी गोड बोलायची, पण विचारायची ते नेमकं वर्मावर.

"एका चुलीवर जेवतील ती एका घरची," तिनं कृष्णातला समजावलं. "आण्णा, तुमच्यात किती?"

कृष्णात तंबाखूच्या वखारीतला मुकादम, चारचौघांत मान असलेला. त्याची आई कोंडाबाई दोन वर्षं घरामागच्या परड्यातल्या छपरात वेगळी रांधून खात होती. भाकरीच्या जाडीवरून सासू-सुनेचं वाजलं, तेव्हा या बहाद्दरानं तोंडातून ब्र काढला नव्हता. गावाला ते ठाऊक होतं, पण कागदावर चढायला नको होतं.

"आईला धरून पाच," तो घाईनं म्हणाला. "एकच चूल हाय आमची."

"मग उद्या दिवसभर बसते. सगळ्यांचं खाणं तोलून बघायचं असतंय."

झाली का पंचाईत! कृष्णात परड्यात गेला. "आई, उद्याच्या दिवस आत जेव. सरकारी बाई येणार हाय."

सकाळी कोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. येताना स्वतःचं ताट घेऊन आली. राजमतीनं पीठ तोललं, सून मालुबाईनं भाकरी थापली. कोंडाबाईनं अर्धीच खाल्ली.

"आज्जी, रोज एवढंच खाता?"

"लई झालं बाई. सुनंच्या हातची भाकरी लई ग्वाड लागती."

मालुबाई उगाच चुलीत फुंकर घालत राहिली. कृष्णातला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं तो बोलला होता आणि निभावून नेत होती ती.

रात्रीची जेवणं तोलून राजमती गेली. कोंडाबाईनं ताट धुतलं, पदरानं पुसलं आणि ती परड्याकडं निघाली. थांब म्हणून कुणी म्हटलं नाही.

सकाळी छपरातून धूर निघाला. मालुबाई हळूच म्हणाली, "अवो, हाक मारा की त्यास्नी."

कृष्णात उठला. सख्ख्या आईला जेवायला बोलवायची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही. छपराच्या दाराशी तो नुसताच उभा राहिला.

कोंडाबाईनं मान वर केली.

"काय रं, बाई परत आल्या व्हय?" म्हणत तिनं चुलीवर पाणी मारलं आणि ताट उचललं.