आक्काच्या दारातली फरशी

आक्काने फडकं पिळलं आणि गुडघा टेकून पुन्हा पहिल्या फरशीवर आली. कोपऱ्यात कुणाच्या तरी बुटाचा चिखल वाळून बसला होता. तिने तो नखाने खरवडला, वर फुंकर मारली आणि काच निळीकाळी चमकेपर्यंत घासली. समोरच्या बेकरीचं शटर अर्धंच वर गेलं होतं. ते पुरतं वर जायच्या आत बादली घरात गेली पाहिजे, एवढीच तिची घाई.

या फरश्या साध्या नव्हत्या. वर जाड, खडबडीत काच आणि काचेखाली उन्हाची वीज करणाऱ्या पट्ट्या. त्या रस्त्याच्या फुटपाथवर चार ठिकाणी त्या बसवल्या होत्या: बेकरीसमोर, शाळेच्या फाटकाशी, गॅरेजपाशी, आणि आक्काच्या लाँड्रीच्या दारात. बसवणारा कोण, तर आक्काचा धाकटा. शिकून इंजिनिअर झालेला. प्रत्येक ठिकाणी त्याने एक खांब उभा केला होता आणि त्या घडीला किती वीज निघते आहे त्याचा आकडा खांबावर उमटायचा.

"या फरश्यांच्या दिवसभराच्या विजेवर तुझी इस्त्री तासभर चालेल, आई," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. आक्काने त्यातलं 'चालेल' तेवढंच ऐकलं आणि महिनाभर कपड्यांच्या घड्या घालता घालता येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं.

मग हळूहळू आकडे उतरले. पेपरात कुणीतरी चेष्टा केली. बेकरीवाली तर टपलेलीच होती.

"आक्का, तुमच्या लेकाच्या फरशीवर काल एक जण घसरता घसरता वाचला. विजेचं बिल राहू दे, डॉक्टरचं तेवढं येईल."

"तुझा पाव खाऊन ज्याचे दात शाबूत राहिले, त्याला माझी फरशी काय करणार?" आक्का म्हणाली आणि आत वळली.

बोलून तर गेली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. त्या दुपारी तिने पहिल्यांदा फरशीकडे नीट पाहिलं. धूळ, थुंकी, पावाचा चुरा, टायरची काळी रेघ. उभं आयुष्य लोकांचे डाग काढण्यात गेलेलं. स्वतःच्या लेकाच्या कामावर असली घाण बघून तिचे हात शिवशिवायला लागले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने बादली बाहेर काढली. उन्हं वर आली तसा खांबावरचा आकडाही आदल्या दिवसापेक्षा वर आला. त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दाराशी पाणी मारायच्या निमित्ताने अजून एक हात फिरायचा.

दिवसभर पहाराही चालू झाला. दारात कुणी घुटमळायची सोय राहिली नाही. सगळ्यात जास्त बोलणी बसायची ती एकशर्ट्या मास्तरांना. रिटायर झालेला एकटा माणूस. रोज एकच शर्ट घेऊन यायचा आणि तो होईपर्यंत फरशीच्या बरोबर मधोमध उभा राहून जगाच्या गप्पा मारायचा. सगळे शर्ट एकदम आणले तर गप्पा एकाच दिवशी संपतील, हे त्याला कळत होतं आणि आक्कालाही.

"मास्तर, सावली उचला!"

"कुठे ठेवू, आक्का?"

"रस्त्यात ठेवा. माझ्या लेकाच्या विजेवर नको."

मास्तर निमूट फुटपाथच्या खाली उतरायचे.

हे सगळं धाकट्याला ठाऊक नव्हतं. तो ऑफिसातून कॉम्प्युटरवर आकडे बघायचा. शिवाय आक्काला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. दार झाडलं, हे काय कुणी लेकाला सांगत बसतं?

पण एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तो म्हणाला, "आई, शुक्रवारसाठी तो पांढरा शर्ट दिला होता ना, तो इस्त्री करू नकोस. मी तिकडे जात नाही."

सुनेचा वाढता हात थांबला. तिकडे म्हणजे घरांच्या छपरांवर सोलर बसवणाऱ्या कंपनीत. पगार चांगला, काम कायमचं, शुक्रवारी फक्त जाऊन हो म्हणायचं होतं. आणि गेल्याच आठवड्यात तो स्वतः म्हणाला होता की, खरं काम छपरावरच होणार. तिथे पट्ट्या उन्हाच्या तोंडाला तिरक्या लावता येतात, वर कुणी चालत नाही. फरशी बिचारी आडवी पडलेली, जाड काच पांघरून, आणि वर सगळ्या गावाचे पाय.

"आता काय झालं?" सुनेने विचारलं.

"तीन ठिकाणचे आकडे रडतायत. पण आपल्या दारातला बघ. कागदावर मांडला होता, अगदी तितका." त्याचे डोळे चमकत होते. "इथल्या काचेत काहीतरी वेगळं आहे. ते सापडलं की बाजारापासून पुलापर्यंतचा अख्खा मोठा रस्ता करता येईल. गुरुवारी पालिकेचे साहेब लोक येतायत. मी सांगणार, रस्ता द्या, जबाबदारी माझी."

"आणि नाही झालं तर? मग ना हे काम, ना ते."

"अगं, होतंय की. दारात होतंय. विचार आईला."

आक्काच्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला.

"होतंय की," ती म्हणाली, आणि तांब्या भरलेला असताना पाणी आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागेना. टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. लेक सकाळी जाताना शीळ घालत गेला होता. कित्येक महिन्यांत त्याची शीळ ऐकली नव्हती. बाजारापासून पुलापर्यंत, तिने मनातल्या मनात रस्ता चालून पाहिला, आणि क्षणभर तर चक्क बादल्यांचा अंदाजही बांधला. मग स्वतःचाच राग येऊन इस्त्री इतकी दाबली की कॉलर पिवळी पडली. याआधी तिच्या हातून कॉलर जळाली होती ती धाकटा पाळण्यात होता तेव्हा.

सून मलमाची डबी घेऊन आली. आक्काचा हात पुढ्यात ओढून भेगाळलेल्या बोटांना मलम लावायला लागली.

"साबण बदला, आई."

"दुकानाचाच तर साबण आहे."

"मीही दुकानाचाच वापरते. माझी बोटं बरी आहेत." तिने डबीचं झाकण लावलं. "त्यांना तुम्ही सांगताय, का मी?"

आक्काने हात काढून घेतला. "कोण कुणाला काय सांगतंय? जा, पोळी करपेल."

पोळी झाकून ठेवूनच सून आली होती.

पुढच्या सकाळी आक्का उठली, बादली भरली आणि दाराच्या आतच ठेवली. स्वतः पायरीवर बसली, दोन्ही हात काखेत दाबून. शाळेची पोरं फरशीवरून धूळ उडवत गेली. बेकरीच्या पोत्यातला चुरा सांडला. ती बघत राहिली. त्याच्या पुढच्या सकाळीही ती तशीच बसली. आकडा उतरत गेला आणि त्याबरोबर लेकाची शीळही.

बुधवारी तो ऑफिसातून भर दुपारी धावत आला. खांबाची पेटी उघडली, तारा तपासल्या, गुडघ्यावर बसून फरश्यांच्या कडा चाचपल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"काल-परवापर्यंत सगळं नीट होतं," तो पुटपुटत होता. "उद्या ते येणार, आणि आजच हिला काय झालं?"

आक्का दारापर्यंत आली, परत गेली. इस्त्री उचलली, खाली ठेवली. एवढा मोठा बाप्या, पण खाली वाकला की मानेवरचा तो भोवरा दिसायचा, लहानपणी तेल थापून बसवायची तोच. शेवटी तिने बादली उचलली.

"आई, आत्ता नको गं. मी बघतोय ना."

"सरक."

तो सरकला. आक्काने गुडघा टेकला, फडकं बुचकळलं आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. आधी कोपरे, मग कडा, मग मधला भाग. अर्ध्या फरश्या झाल्यावर ती थांबली. अर्ध्या तशाच मळक्या ठेवल्या. मग कमरेवर हात ठेवून उठली आणि आपली सावली सांभाळत बाजूला झाली.

लेकाने खांबाकडे पाहिलं, आकडा वर चढला होता. मग आईकडे. मग पुन्हा खांबाकडे.

"कधीपासून?"

"बेकरीवालीने तोंड उघडलं तेव्हापासून."

त्याने पुसलेल्या काचेवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाला, "म्हणजे पुसायचाच प्रश्न आहे ना! मग सोय करता येईल. मशीन फिरवू. माणसं ठेवू..."

"दोनदा पुसावं लागतं. आणि मध्ये कुणी उभं राहिलं की हाकलावं लागतं." आक्काने फडकं पिळलं. पिळून झालं तरी पिळत राहिली. "अख्ख्या शहराला आई कुठून आणणार आहेस?"

त्याच्या ओठाशी हसू आलं आणि तिथेच राहिलं. तो फुटपाथच्या कडेला बसला. हाताला लागलेली धूळ बघत राहिला.

"तू बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू शीळ घालत होतास."

तिने बादलीतलं गढूळ पाणी गटारात ओतलं आणि आत गेली. थोड्या वेळाने तोही आला. हात धुतले. खुंटीवरचा पांढरा शर्ट काढला आणि तिच्यासमोर टेबलावर पसरला. कॉलर आधी, तिने शिकवलं होतं तशी.

आक्काने शर्टावर पाणी शिंपडलं.

बाहेर एकशर्ट्या मास्तर आले होते. ओल्या, अर्ध्या चमकणाऱ्या फरश्या बघून ते शहाण्या माणसासारखे रस्त्यातच उभे राहिले, आपला शर्ट छातीशी धरून. मागून गाडीने हॉर्न दिला.

"वर या, मास्तर," आक्का आतून ओरडली. "चिरडायचंय का?"

"सावली पडेल, आक्का."

"पडू दे."

मास्तरांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. ते एक पाय वर ठेवून थांबले, मग दुसरा ठेवला, आणि फरशीच्या बरोबर मधोमध येऊन उभे राहिले. खांबावरचा आकडा घसरला. आक्काची पाठ तिकडे होती. ती बाहीवरून इस्त्री फिरवत होती.