टाकीतला मासा आणि सरकतं टेबल

छापखान्यातल्या मुद्रितशोधक ताईंचं टेबल चालू लागलं होतं. आधी ते सगळ्यांच्या मधोमध होतं. मग खिडकीशी गेलं, मग जिन्याशी. आणखी एकदा सरकलं असतं, तर ताईंना शेजारच्या इमारतीत बसून इथला पगार घ्यावा लागला असता.

कारण, त्यांचा उजवा हात. आधी बोटावर गाठ आली, मग मनगटावर, मग कोपराच्या दिशेने ओळीने. ताईंना आधीपासूनच आमवात. स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठलेली, म्हणून तिला दाबून ठेवणारी औषधं चालू. सहकाऱ्यांनी गंभीरपणे विचारविनिमय करून ताईंचा कप वेगळा केला आणि प्रत्येकाने एकेक मलम सुचवलं. दुरूनच. मालक तर मायेने म्हणाले, घरी आराम करा, कायमचा केलात तरी चालेल. ताईंचा या कामावर जीव. त्यांनी राजीनामा लिहायला घेतला आणि त्यातल्याच चुका काढत बसल्या.

शेवटी सासूबाईंनी त्यांना हाताला धरून, त्याच हाताला, त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि विचारलं, हा हात कुठल्या पाण्यात जातो? ताईंना मालकांची काचेची टाकी आठवली. तिच्यात एक लठ्ठ मासा. दर शनिवारी टाकी ताईच घासत. कप गेला, टेबल गेलं, पण हे काम मात्र कोणी काढून घेतलं नव्हतं!

अहवाल आला तशा सासूबाई छापखान्यात हजर झाल्या.

"जंतू त्या पाण्यातला आहे, बोटावर खरचटलं होतं तिथून शिरला. माणसाचा माणसाला लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज हिच्या ताटाला ताट लावून जेवते. मला काय झालंय?"

"काही नाही," मालक पुटपुटले.

सगळ्यांनी माशाकडे पाहिलं. माशाने तोंड उघडलं, मिटलं. त्याला काही सांगायचं नव्हतं.

"त्याच्याकडे काय बघता? हिला न टाळणारा इथे तो एकटाच!"

मालकांनी मान खाली घातली आणि टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं धरायला इतकी माणसं धावली की टेबलालाच जागा उरेना. राजीनामा एव्हाना निर्दोष झाला होता, तरी ताईंनी तो फाडला.

औषध काही महिने चाललं आणि गाठी विरल्या. टाकी आता मालक घासतात, खांद्यापर्यंत हातमोजे चढवून, अडलेली गाय सोडवायला निघाल्याच्या थाटात.

तर मंडळी, ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली आहे, त्याच्या अंगावर अनोळखी गाठ दिसली, तर मलम सुचवू नका. डॉक्टरांकडे पाठवा, आणि हात कुठे कुठे जातो ते सगळं सांगायला लावा. आणि टेबल सरकवायचंच असेल, तर जवळ सरकवा.