डावखुऱ्या हाताचं काम

कुपवाडच्या एमआयडीसीत नाथाजीची शेड होती. गाड्यांच्या डेंटिंगचं काम तो एकटाच करायचा, घरीही एकटाच राहायचा. भागीदार अर्जुना बारा वर्षांपूर्वी निघून गेला, त्यानंतर त्यानं कुणाला जोडीला घेतलंच नाही.

साताऱ्याकडच्या कोरेगावच्या धैर्यशीलनं आपल्या वडिलांची कापडी टपाची जुनी गाडी टेम्पोत घालून आणली. वरून रंग बरा दिसत होता. नाथाजीनं दाराखालच्या पत्र्यावर पेचकस टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"पुट्टी भरून भागंल की," धैर्यशील म्हणाला.

"साहेब, हिला वर छप्पर न्हाई. सगळा भार खालच्या पत्र्यावर हाय. सडका कापायचा, नवा जोडायचा."

तीन आठवडे तो गंज कापत होता. एके दिवशी त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उपसली. भोवतीच्या पत्र्याची चाळण झाली होती, पण मधे वीतभर ठिगळ ठणठणीत होतं. कोपरे गोल कापलेले, जोड घासून सपाट, आणि हातोडीचे घाव सगळे उलट्या बाजूला कललेले. असा डावखुरा हात त्याला एकाच माणसाचा ठाऊक होता, अर्जुनाचा.

त्यानं धैर्यशीलला फोन लावून ते ठिगळ कुणी मारलं ते विचारलं. "बाबांनी पलूसला करून घेतलं होतं," धैर्यशील म्हणाला. "दहा वर्षं झाली असतील."

पलूस म्हणजे अर्जुनाचं गाव. बारा वर्षांपूर्वी शेडमध्ये आलेल्या एका जीपचा गंज कुणीतरी पुट्टी थापून झाकला होता. नाथाजीनं ते अर्जुनाचंच काम समजून गिऱ्हाइकासमोर त्याला सुनावलं होतं, "तुझं तोंड बघायचं न्हाई मला." अर्जुना एवढंच म्हणाला, "ते काम माझं न्हवं." आणि गेला. जिथं कुणाची नजर पोचणार नाही तिथंही इतकं चोख काम करणारा माणूस गंज झाकेल कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मोटरसायकल पलूसला काढली. वाटभर तो मनाशी शब्द जुळवत होता. अर्जुनाची बायको हरणाबाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"वैनी, अर्जुना हाय का?"

ती बघतच राहिली. "त्यास्नी जाऊन दोन वरसं झाली, भावजी. कावीळ झाली हुती."

"मला सांगावा न्हाई धाडला?"

"मी म्हनलं हुतं, बोलावते म्हनून. तर म्हनले, त्याला माझं तोंड बघायचं न्हाई. नगं."

तिनं चहा केला. नाथाजीनं कप रिकामा करून खाली ठेवला. उठताना म्हणाला, "वैनी, ते जीपचं काम त्याचं न्हवतं."

"आमाला ठावं हाय," हरणाबाई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

महिन्याभरानं गाडी तयार झाली. धैर्यशील हरखून गेला. "बसा मिस्त्री, एक फेरी मारू." टप मागं टाकून दोघं मिरज रस्त्यानं जाऊन आले. दुचाकीवरची माणसं वळून वळून बघत होती. धैर्यशील आपल्या वडिलांच्या आठवणी सांगत होता, नाथाजी नुसता मान हलवत होता.

एमआयडीसीच्या कोपऱ्यावर तो उतरला. गाडी साताऱ्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. शेडमध्ये येऊन त्यानं जमिनीवरचा लोखंडाचा चुरा झाडून काढला. दुपारचे दोनच वाजले होते. तरी त्यानं शटर ओढलं, आणि घरी तरी कुणासाठी जायचं म्हणून बराच वेळ बाहेरच उभा राहिला.