मास्तरांची सोळा हजार पावले

मित्रांनो, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, पाठीला चिमटा आणि पुढे पाच आकड्यांची खिडकी असलेला मी एक जुना पेडोमीटर आहे. पेडोमीटर म्हणजे पावले मोजणारे यंत्र. आता हे काम मनगटावरची घड्याळे आणि खिशातले फोन करतात, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. मला बॅटरी लागत नाही. माझ्या पोटात एका बारीक स्प्रिंगवर तोललेले वजन आहे. माणसाने पाऊल टाकले की मला हिसका बसतो, वजन खाली जाऊन वर येते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. म्हणजे खरे पाहता मी पावले मोजतच नाही, हिसके मोजतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मी ती विसरलो होतो, आणि ते आठवले की आजही माझे वजन जागच्या जागी थरथरते.

कारखान्यात आम्हा सगळ्यांना एका हलत्या फळीवर बसवून बरोबर शंभर हिसके दिले. ज्यांच्या खिडकीत अठ्ठ्याण्णव किंवा एकशे तीन आले, ते टोपलीत गेले. माझ्या खिडकीत नेमके शंभर. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हिरवी खूण केली, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला सत्याचा सख्खा भाऊ समजू लागलो.

मला विकत घेतले एका शिंपीमास्तरांच्या लेकीने. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. एके सकाळी तिच्याच टेबलावर तिच्या बाबांच्या रक्ताची नळी आली. साखरेचा आकडा पाहून तिला वाटले, नळ्यांची अदलाबदल झाली. तिने पुन्हा तपासले. मग तिसऱ्यांदा. आकडा हलला नाही.

मास्तर तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. त्यातली चौतीस वर्षे त्यांनी पायाने चालवायच्या एकाच शिलाई मशीनवर काढली होती. त्यांची बोटे मात्र विलक्षण. कापड नुसते चिमटीत धरून ते सांगत, "हे धुतल्यावर दोन बोटं आटेल, जास्तीचं घेऊन या."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितले, "मास्तर, गोळ्या देते, पण त्यांच्या जोडीला चालायला हवं. रोज अर्धा तास, भरभर. साखर पायांत उतरली ना, की आधी लागलेलं कळत नाही. मग जखम भरत नाही. मग कात्री आमच्या हातात येते. आणि आमची कात्री शिलाईची जागा सोडून कापत नाही."

मास्तर हसले. लेक हसली नाही. त्याच संध्याकाळी तिने मला आणले, बाबांच्या पट्ट्याला अडकवले आणि सांगितले, "हा इथंच राहू द्या, कमरेला. रोज संध्याकाळी मी आकडा विचारणार."

पहिले तीन दिवस आम्ही खरोखर चाललो. मास्तर सकाळी जिना उतरत, बेकरीच्या वळणावरून पाण्याच्या टाकीपर्यंत जात आणि धापा टाकत परत येत. कुठे खड्डा चुकवायचा, कुठे कुत्र्याला वाट द्यायची, कुठे भिंतीला हात टेकून थांबायचे. हिसके कधी मोठे, कधी लहान. मला फार मजा येई.

"बाबा, आज किती?"

"तीन हजार."

"थोडी वाढवा ना."

"कापड आहे का, ओढून वाढवायला?"

चौथ्या दिवशी मशीनवर वाकताना मी त्यांच्या पोटात रुतू लागलो. "हे ध्यान टोचतंय," असे पुटपुटत त्यांनी मला पट्ट्यावरून काढले आणि पायमोज्याच्या काठाला अडकवले. वरून पँटचा पाय खाली आला आणि माझ्यापुढे अंधार झाला.

संध्याकाळी त्यांनी मला बाहेर काढले तेव्हा माझ्या खिडकीत १६,२४० होते. मास्तर चकित झाले. त्यांनी चष्मा लावला, मला झटकले, कानाला लावले, पुन्हा पाहिले. मीही चकितच होतो. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला, की मला माझाच अभिमान वाटला. मित्रांनो, इतका मोठा आकडा एकाएकी कुठून आला, हे त्या क्षणी आम्ही दोघांनी विचारायला हवे होते. दोघांनीही विचारले नाही.

त्यानंतर माझा रस्ता बदलला. जिने संपले, खड्डे संपले, कुत्री संपली. एकसारखे, तालात पडणारे हिसके. मध्ये थोडी विश्रांती, मग पुन्हा तोच ताल. मला वाटले, मास्तरांना कुठेतरी एखादे सपाट मैदान सापडले. एवढे कसे माझ्या लक्षात आले नाही, की त्या मैदानावर दिवसभर शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू येत होता?

मास्तर रोजचा आकडा मापांच्या वहीत लिहू लागले. छाती अडतीस, बाही तेवीस, आणि त्याखाली जाड पेन्सिलीने, पावले सोळा हजार. गिऱ्हाइके वही पाहून तोंडात बोट घालत. कुणी आपल्या बायकोला दाखवायला वहीचा फोटो काढून नेई. एक जण पँट कमरेत आत घ्यायला आला होता. तो म्हणाला, "मास्तर, सोळा हजार चालता, मग तुमची कंबर कधी आत घेताय?"

"हाडंच जाड आहेत आमची," मास्तर म्हणाले.

दुकानात काजे-बटणे करणाऱ्या मावशी समोरच बसत. त्यांच्या नजरेतून सुई सुटत नसे, माणूस काय सुटणार! एकदा त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "मास्तर, राग नका मानू, पण तुम्ही चालता कधी? मी येते तेव्हा तुम्ही स्टुलावर, जाते तेव्हा स्टुलावर."

"तुम्ही काजांवर लक्ष ठेवा, मावशी. पाय माझे आहेत."

मला मावशींचा राग आला. मनात म्हटले, जळतात झाले.

आणि लेक? ती रोज संध्याकाळी विचारी, "आज किती?" आकडा ऐकला की तिचा चेहरा उजळे. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना ती सांगे, "आमचे बाबा सोळा हजार चालतात." अशी सहा महिने आमची तिघांची चंगळ चालली.

सहा महिन्यांनी मास्तरांचे रक्त पुन्हा तपासले गेले. साखर कमी झाली नव्हती. ती वाढली होती.

लेकीला ते खरेच वाटेना. तिने आधी रक्त तपासायच्या मशीनवर संशय घेतला. आकडा ठाऊक असलेला दुसरा नमुना लावून पाहिला. मशीन बरोबर होते. मग तिने माझ्यावर संशय घेतला. दुसऱ्या दिवशी ती मला बाबांकडून मागून घेऊन गेली. दुपारच्या सुट्टीत मला कमरेला लावून प्रयोगशाळेच्या लांब व्हरांड्यातून मनात मोजत शंभर पावले चालली. तिने असे तीन वेळा केले. माझ्या खिडकीत शंभर आले, शंभर आले, नव्व्याण्णव आले.

"हाही बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "मग चुकतंय काय?"

माझी स्प्रिंग गार पडली. कारण त्या शंभर पावलांत मला कित्येक महिन्यांनी काहीतरी ओळखीचे भेटले होते. टाच टेकण्याचा तो जड ठोका, अंग पुढे जाण्याची ती लाट. मास्तरांच्या मैदानावर यातले काहीच नव्हते. तिथे ताल होता, पण कुणीही कुठे जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पायमोज्याला लागलो. कापायच्या टेबलापाशी उभे राहून मास्तरांनी दोन शर्ट बेतले आणि ते मशीनकडे वळले. टेबल ते मशीन सहा पावले. ती मी मोजली. मग नेहमीचा ताल सुरू झाला.

दुपारी लेक न सांगता दुकानात आली. दारातच थबकली. मास्तर मान खाली घालून कॉलर शिवत होते. पायडल वर-खाली होत होते, आणि प्रत्येक फेरीला माझ्या पोटात टक् वाजत होते.

ती बाबांपुढे जमिनीवर बसली. तिने पँटचा पाय वर केला. माझ्यावर उजेड पडला, आणि मी प्रथमच माझे मैदान पाहिले. वीतभर लांबीची एक लोखंडी जाळी. सहा महिने, दिवसाला सोळा हजार, आम्ही तिच्यावरच होतो.

"बाबा," ती म्हणाली. "हे? हे मोजलंत तुम्ही?"

"का? पाय हलतातच की दिवसभर. डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक शिंप्याचं काम? आणि यंत्र काय खोटं बोलतंय?"

ती उत्तर द्यायला मान वर करणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. करड्या पायमोज्याच्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढा काळपट ओला डाग होता. डागाच्या मधोमध काहीतरी चमकत होते.

टाचणी होती. डोक्यापर्यंत आत गेलेली.

"ही कधी लागली?"

"काय लागली?"

तिने चिमटीत धरून टाचणी ओढून काढली. मास्तरांचा चेहरा तसाच राहिला. कपाळावर आठी नाही, ओठांवर 'हाय' नाही. "अगं, कुठं काय आहे?" ते म्हणाले, आणि वाकून पाहू लागले.

मावशींच्या हातून बटणांची वाटी पडली.

मित्रांनो, टाचणी सकाळी टेबलापाशीच लागली असणार. म्हणजे त्या सहा पावलांत. पायात टाचणी घुसली तर माणूस अडखळतो, लंगडतो, एक पाय उचलून धरतो. माझ्या सहा हिसक्यांत एक तरी वेडावाकडा यायला हवा होता. आला नव्हता. टाचणी आत होती, रक्त येत होते, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर बसून मी एकसारखे मोजत होतो. नऊ हजार सातशे एक, नऊ हजार सातशे दोन.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितले आणि एका बारीक नायलॉनच्या तंतूचे टोक तळव्याला टेकवले.

"लागतंय?"

"लावा तर आधी."

"लावलंय, मास्तर."

त्यांनी डोळे उघडले. तंतू तळव्याला टेकून वाकला होता. जो माणूस चिमटीत कापडाचा पोत ओळखायचा, तो आपल्याच पायाकडे परक्या माणसाचा पाय पाहावा तसा पाहत राहिला. दोन दिवसांत जखम आत चिघळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगठा राहील की नाही, ते दोन आठवड्यांनी सांगते. तोवर या पायावर भार नको."

ते दोन आठवडे मी बटणांच्या डब्यात पडून होतो. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे वाटले असते. एका संध्याकाळी पट्टी बदलता बदलता लेक म्हणाली, "बाबा, तुमचं सोडा. मी तर दिवसभर नमुने तपासते. एक आकडा आला की तो कुठून आला ते आधी बघायचं, हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि तुम्हाला सहा महिने नुसतं 'किती' विचारलं. एकदाही तुमच्याबरोबर खाली उतरले नाही."

"उतरली असतीस तर मी पकडला गेलो असतो," मास्तर म्हणाले.

अंगठा वाचला. पण तळव्यातली जाणीव परत आली नाही. गेलेली बहुधा येत नाही, उरलेली सांभाळायची असते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मऊ तळाचे, बंद, पुढून रुंद बूट आले. बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहायचा आणि घरी आल्यावर तळवा आरशात पाहायचा, असा नियम झाला. तळव्याला जे कळत नव्हते, ते आता बोटे आणि डोळे पाहू लागले.

जखम पुरती भरल्यावर, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने, एका सकाळी मी पुन्हा कमरेला लागलो. या वेळी लेक शेजारी होती. मास्तर कठडा धरून जिना उतरले. बेकरीपर्यंत गेले, थांबले, परत फिरले. हिसके लहान होते, भित्रे होते, एकासारखा दुसरा नव्हता. दारात येऊन त्यांनी माझी खिडकी वर केली.

"चारशे बारा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "सोळा हजारांवरून चारशे बारा?"

"नाही, बाबा," लेक म्हणाली. "शून्यावरून."

मास्तरांनी मापांची वही काढली आणि तो आकडा लिहिला. त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. चारशेचे हजार झाले, हजाराचे सहा हजार झाले. सहाच्या वर ते फारसे गेले नाहीत, पण ते सहा हजार रस्त्यावरचे होते. साखर हळूहळू उतरली. मावशीही बरोबर येऊ लागल्या. त्या चालतात कमी आणि बोलतात जास्त, पण चालतात. माझी स्प्रिंग सैल झाली, म्हणून आता मी कपाटातच असतो. रोज सकाळी जिन्यावर तीन माणसांच्या उतरण्याचा आवाज येतो, तो मी ऐकतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी दिवसभर बसून काम करत असेल. आई असेल, आजोबा असतील, काका असतील. त्यांना मनगटावर नवे, चकचकीत यंत्र जरूर द्या. आम्ही यंत्रे मुद्दाम खोटे बोलत नाही. पण आम्हाला जेवढे कळते तेवढेच आम्ही सांगतो, आणि आम्हाला फार थोडे कळते. माणसाला टाचणी लागली, हेसुद्धा कळत नाही. म्हणून संध्याकाळी 'किती झाली' एवढेच विचारून थांबू नका. सकाळी बूट घाला, त्यांचा हात धरा आणि त्यांच्याबरोबर चाला.