पाठमोरी बाई

कृष्णाकाठच्या त्या गावात सकाळी चूळ भरायच्या आधी स्वप्न सांगायची पद्धत होती. तोंडात पाणी घेतलं की स्वप्नाचा अर्थ वाहून जातो, असं लालासाहेब अण्णांचं म्हणणं, आणि अण्णांचं म्हणणं पार पलूसपर्यंत चालायचं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुणाकडून एक रुपया घेत नसे. म्हणून तर लोकांचा त्यांच्यावर एवढा भरवसा. पूर्वी बाया पारोशा त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसत. आता मोबाइल आल्यापासून निम्म्याजणी अंथरुणातूनच फोन लावत. या बाबतीत गावाची सुधारणा झाली ती एवढीच.

त्या दिवशी अंजनाबाईंनीही अंथरुणात बसूनच फोन लावला.

"अण्णा, तीच बाई पुन्यांदा आली."

"पाठमोरी?"

"व्हय. क्येस मोकळं. उंबऱ्यात हुबी, दोनी हात चौकटीला लावून. आत कोण तरी कण्हतंय, आन ही कुणाला भाईर जाऊ द्येत न्हाई."

"त्वांड दिसलं?"

"न्हाई."

"बाई घरातलीच हाय," अण्णा सावकाश म्हणाले. "आत कण्हतोय त्यो गर्भ. तुमच्या घरात मोकळ्या कपाळाची कोण हाय, त्येचा इचार तुमीच करा. मी नाव घ्येणार न्हाई."

नाव घ्यायची गरजच काय होती? घरात माणसं चार. अंजनाबाई, त्यांचे मालक आकाराम, सात महिन्यांची पोटुशी सून संयोगिता आणि धाकटी जाऊ राणी. मुलगा वीरधवल फौजेत, दूर सरहद्दीवर. राणीचा नवरा जयराज, म्हणजे आकारामांचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. तेव्हापासून राणी मागच्या खोलीत बायकांची झंपरं शिवून आपलं भागवत होती आणि कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. संयोगिताचं पोटातलं याआधी दोनदा गेलं होतं. या तिसऱ्या बाळासाठी अंजनाबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

त्या सकाळपासून त्यांची नजरच फिरली. राणी न्हाऊन उन्हात केस वाळवायला बसली की यांच्या काळजात धस्स होई. तिनं संयोगिताला लिंबाचं सरबत करून दिलं, तर यांनी ते मोरीत ओतलं आणि लिंबाच्या फोडी लांब उकिरड्यावर नेऊन टाकल्या. वर्षानुवर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या हाताला आता त्यांना भलताच वास येऊ लागला.

त्यात दुपारी नवीनच प्रकार दिसला. संयोगिताच्या खोलीला आतून कडी आणि आत दोघींची कुजबुज. अंजनाबाईंनी दार वाजवलं. कुजबुज थांबली आणि कडी निघायला जरा उशीरच झाला.

"काय चाललंय गं?"

"काय न्हाई, आत्या. काकी पाय चेपत हुत्या," संयोगिता म्हणाली आणि तिनं उशी सारखी केली.

संध्याकाळी संयोगिता मागच्या परड्यात गेल्यावर अंजनाबाईंनी ती उशी उचलली. खाली घडी घातलेला कागद. त्यावर राणीच्या अक्षरात नुसते आकडे, एकाखाली एक: १४०, खाली ९०. १४६, खाली ९६. १५०, खाली १००. ही करणीच, असं अंजनाबाईंना वाटलं. पदराखाली कागद घेऊन त्या तडक अण्णांच्या कट्ट्यावर गेल्या.

अण्णांनी चष्मा लावला. कागद उलटा केला, सुलटा केला. चाळीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेऱ्या घेतलेला माणूस, पण आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

"पोटावर आकड्यांचा बांध घातलाय," ते म्हणाले. "रोज वाढवत चाललीया. आयतवारी भावकी बसवा. तिच्या भावाला वडूजहून बोलवा, त्यो घिऊन जाईल तिला कायमची. आन तवर पोटुशीला उंबऱ्याभाईर पाऊल टाकू द्येऊ नका."

आकारामांनी ऐकलं आणि डोकं खाजवलं. "राणी तशी न्हाई गं," एवढं ते म्हणाले. मग भावकीला निरोपही त्यांनीच दिले. असल्या भल्या माणसांकडूनच असली कामं होतात, याचा या कथाकाराला फार राग आहे.

शनिवारी सकाळी आकाराम उसाला तोड आली म्हणून रानात गेले. नऊच्या सुमारास संयोगितानं डोकं गच्च धरलं. "आत्या, समोरचं समदं धुरकट दिसाया लागलंय." तिचे पाय खांबासारखे सुजले होते आणि तोंडही सुजलं होतं. राणीनं मशीनवरचं कापड तसंच टाकलं आणि फोन लावला. अर्ध्या तासात दारात दवाखान्याची गाडी उभी राहिली. राणी संयोगिताला खांद्याचा आधार देत पुढच्या सोप्यात आली, तर दारात अंजनाबाई.

"कुटं?"

"कराडला. आक्का, वाट सोडा."

"उद्या भावकी बसायची हाय. तवर ही उंबरा वलांडायची न्हाई. अण्णांनी सांगितलंय."

"आक्का, हिचं बीपी लय वाढलंय. सरकारी दवाखान्याच्या आशाताई रोज दुपारी मागल्या दारानं येऊन बघून जात हुत्या, मी ल्हिऊन ठिवत हुते. त्यो कागदबी कुणी तरी न्हेला."

"बीपी?" अंजनाबाईंनी विचारलं. "मग चोरून का?"

"तुमास्नी सांगितलं असतं, तर तुमी आदी अण्णास्नी फोन लावला असता."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच अंजनाबाईंना जास्त झोंबलं. ही आपल्याला बोलण्यात गुंतवतेय, हा करणीचाच डाव, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि चौकटीला घट्ट लागले. केसांचा बुचडा केव्हा सुटला होता, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मागे संयोगिता कण्हली.

राणी ओरडली नाही. ती फक्त त्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आक्का, तवाबी तुमी अशाच हुब्या हुता."

अंजनाबाईंना सगळं आठवलं. म्हणजे विसरल्याच कुठे होत्या? जयराजला आठ दिवस ताप होता. रक्तातल्या पेशी उतरल्यात, आजच्या आज कराडला न्या, असं पलूसचे डॉक्टर सांगून गेले होते. त्याच पहाटे अंजनाबाईंच्या स्वप्नात नदीच्या ऐन धारेत काळा बैल उभा दिसला होता. अण्णा म्हणाले, पाणी माणूस मागतंय, तीन दिवस नदीपलीकडे नेऊ नका. कराडला जायचं तर कृष्णेचा पूल लागतो. गाडी दारात उभी होती, आत जयराज कण्हत होता, राणी पाया पडत होती, आणि अंजनाबाई याच उंबऱ्यात चौकट धरून उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी जयराज गेला. गावात अण्णांचा शब्द आणखी खरा ठरला आणि राणीचं नशीब खोटं ठरलं.

स्वप्नातल्या त्या बाईनं तोंड वळवायची आता गरज उरली नव्हती. अंजनाबाईंचे हात खाली आले. त्यांनी स्वतः संयोगिताची दुसरी बाजू धरली आणि तिला उंबऱ्याबाहेर काढलं.

कराडच्या दवाखान्यात दुपारीच पोट उघडून बाळ काढलं. मुलगी, वजन सव्वा किलो, काचेच्या पेटीत ठेवलेली. संयोगिता वाचली. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या त्या चिडूनच. "एवढे दिवस वाट कशाची बघत होता तुम्ही?" अंजनाबाईंना स्वतःची एवढी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

रविवारी भावकी ठरल्याप्रमाणे बसलीच. असल्या कामाला लोक वेळेवर येतात. संयोगिताजवळ तिची आई थांबली होती, म्हणून अंजनाबाई आणि राणी सकाळच्या एसटीनं परत आल्या होत्या. वडूजचा भाऊ मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता. अण्णांनी सुरुवात केली. "उंबरा वलांडला आन पोरगी अवेळी जन्मली. मी आदीच सांगितलं हुतं."

"अण्णा," दाराआडून अंजनाबाई बाहेर आल्या. भावकीच्या बैठकीत बाई बोलत नसे. आकारामांनी डोळे वटारले, तिकडे त्यांनी बघितलं नाही. "ती बाई मला दिसली."

"कोण हुती?" चारपाच जणांनी एकदमच विचारलं.

"मी हुते."

अण्णा जरा हसले. "वैनी, त्वांड दिसलं न्हाई म्हणला हुता."

"मला बघायचं नव्हतं. जयराजला कराडला न्हेत हुते तवा दार मी अडवलं. सपान माझं, अर्थ तुमचा, आन जीव त्येचा गेला. दोन वर्सं त्येच सपान पडतंय मला. आन त्येचा आळ तुमी हिच्यावर घातला, मी घालू दिला. चेटकीण म्हणायचं आसंल तर आदी मला म्हणा. मग सोताला म्हणा."

अण्णा टोपी सारखी करत उठले आणि त्यांच्या मागोमाग एकेक जण उठला. भावानं राणीला हळूच विचारलं, "चलतीस?"

"न्हाई. माझं घर हाय ह्ये," राणी म्हणाली. मग अंजनाबाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात माया नव्हती. "बोलला त्ये बरं क्येलं आक्का. पर ह्येस्नी जाऊन दोन वर्सं झाली."

"व्हय," अंजनाबाई म्हणाल्या. माफी मागायची मात्र त्यांना त्या क्षणी हिंमत झाली नाही.

वाचकहो, एवढ्यानं गाव सुधारलं असं मात्र समजू नका. सोमवारी सकाळी अण्णांच्या कट्ट्यावर नेहमीसारख्या बाया बसलेल्या होत्या. अंजनाबाई जाऊन त्यांच्यातच बसल्या. कट्टा सगळ्यांना खुला, त्यामुळे अण्णांना ऊठ म्हणता येईना. एक तरणी सून पदर सावरत सांगू लागली, "अण्णा, सपनात आमच्या परड्यात पांढरा घोडा आला..."

"थांब," अंजनाबाई म्हणाल्या. "आदी मला सांग, घरात आजारी कोण हाय?"

ती गोंधळली. तिनं अण्णांकडे बघितलं, मग खाली. "मामंजींस्नी पाच दिस झालं ताप हाय."

"मग ऊठ," अंजनाबाई म्हणाल्या, आणि तिच्याबरोबर त्याही उठल्या.